सड्यावरची अठरा एकर मोकळी जागा : व्यावसायिक झीरो-टर्न मोवर कोणता घ्यावा?

कातळसडा (धागाकर्ता)

नमस्कार.

रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्रापासून जेमतेम चार किलोमीटर आत, सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, वसलेल्या एका शिक्षणसंस्थेच्या आवाराची देखभाल गेली नऊ वर्षे माझ्याकडे आहे. खेळाची दोन मैदाने, वसतिगृहामागचे माळरान आणि कलमांच्या बागेलगतची मोकळी जागा मिळून अठरा एकर, म्हणजे ७२० गुंठ्यांवरचे गवत आम्हाला राखावे लागते. मृगाच्या सरी पडल्या की आठवड्याभरात कातळाच्या भेगांतूनसुद्धा हिरवे उगवते आणि ऑक्टोबरअखेरपर्यंत ते थांबत नाही.

सध्या हे सारे काम चार ग्रास कटरवर चालते. खांद्याला यंत्र अडकवून एक माणूस दिवसाला २० ते २५ गुंठे काढतो. त्या हिशेबाने चौघांना आठ-नऊ दिवस पुरायला हवेत. परंतु पावसाचे खाडे धरले की पंधरवडा जातो, आणि शेवटचा कोपरा संपतो तेव्हा पहिल्या मैदानावर गवत पुन्हा घोट्याच्या वर आलेले असते. खरी ओढाताण दसऱ्याच्या सुमारास होते. भातकापणी सुरू झाली की गडी मिळत नाहीत, आणि नेमक्या त्याच दिवसांत गवत काढून टाकले नाही तर फेब्रुवारी-मार्चमध्ये एका ठिणगीने वणवा बागेत शिरतो. दोन वर्षांपूर्वी आमची अकरा कलमे अशीच होरपळली.

संस्थेने या वर्षी व्यावसायिक झीरो-टर्न मोवर, म्हणजे बसून चालवायचे आणि जागच्या जागी वळणारे गवत कापण्याचे यंत्र, घेण्यास तत्त्वतः मान्यता दिली आहे. विक्रेते ६० किंवा ७२ इंची डेक (ज्याच्याखाली पाती फिरतात तो पत्र्याचा भाग) घ्या असे सांगतात आणि इंजिनाच्या अश्वशक्तीपलीकडे फारसे बोलत नाहीत. किती रुंदीचा डेक घ्यावा, पेट्रोल बरे की डिझेल, आणि मुळात आमच्या जमिनीला हे यंत्र मानवेल का, याविषयी ज्यांनी असे यंत्र प्रत्यक्ष वापरले आहे त्यांचे मत हवे आहे. एकदा घेतल्यावर पुढची दहा-बारा वर्षे दुसरे यंत्र मिळणार नाही, म्हणून घाई करायची नाही.

खाडीकाठ

यंत्राचे नाव घेण्याआधी जमिनीचा उतार मोजून घ्या, कारण तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे.

झीरो-टर्नला स्टीअरिंग नसते. पुढची दोन चाके कचेरीतल्या खुर्चीच्या चाकांसारखी मोकळी फिरतात आणि यंत्र कुठे वळावे यावर त्यांचा काहीही ताबा नसतो. मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र हायड्रॉलिक पंप व मोटर असते आणि चालकाच्या दोन्ही हातांत एकेक दांडा असतो. एक दांडा पुढे व दुसरा मागे केला की दोन चाके उलट दिशांना फिरतात आणि यंत्र जागच्या जागी गर्रकन वळते. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात जॉन रेगिअर यांनी अशा यंत्राला आकार दिला. तो गव्हाच्या सपाट शेतांचा मुलूख आहे, आणि सपाट जमिनीवर या यंत्राइतके चपळ दुसरे काही नाही.

अडचण अशी की वळणे, वेग आणि थांबणे या तिन्ही गोष्टी मागच्या दोन टायरांच्या पकडीवर अवलंबून असतात. ओल्या गवतावर ती पकड सुटली की तिन्ही एकदमच हातची जातात. मी स्वतः हे अनुभवले आहे. ऑगस्टमधल्या एका सकाळी गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, दिशेने उतरणाऱ्या पट्ट्यावर मी दांडे मागे ओढले, चाके थांबलीसुद्धा, परंतु यंत्र थांबले नाही. चार-पाच मीटर ते चिखलावरून सरकावे तसे सरकत गेले आणि गडग्याच्या चिऱ्याला डेक आदळून थांबले. गडग्याच्या जागी पऱ्या (ओढा) असता तर मी हे लिहायला नसतो.

बहुतेक कंपन्या १५ अंशांपेक्षा जास्त उतारावर हे यंत्र नेऊ नये असे बजावतात. आपल्या पावसात मी १० अंशांवर थांबतो. मोजण्याची रीत सोपी आहे. एक मीटर लांबीची सरळ फळी घ्यावी, तिच्यावर गवंड्याची पाणसळ ठेवावी, फळीचे एक टोक चढाच्या बाजूला जमिनीला टेकवावे आणि पाणसळीतला बुडबुडा मध्यावर येईपर्यंत दुसरे टोक उचलावे. त्या उचललेल्या टोकाखाली जमिनीपर्यंत २७ सेंटिमीटर भरले तर उतार १५ अंशांचा आहे; साडेसतरा सेंटिमीटर भरले तर १० अंशांचा. पूर्ण आवारात अशी पन्नास-साठ मापे घ्या आणि नकाशावर लिहा. गडगा, विहीर, तळे यांच्या काठापासून यंत्राच्या दुप्पट रुंदीची पट्टी तशीही ग्रास कटरलाच ठेवावी लागेल.

चालकाच्या डोक्यामागे लोखंडी संरक्षक कमान असलेलेच यंत्र घ्या. कमान उभी असताना पट्टा बांधलाच पाहिजे. कलमांच्या फांद्यांखाली जाताना कमान पाडावी लागली तर मात्र पट्टा बांधू नये, कारण यंत्र उलटल्यास बाजूला उडी घेण्याची तेवढीच एक संधी उरते. हा फरक चालकाला पहिल्याच दिवशी समजावून सांगावा.

नांगरगट्टी

डेकच्या रुंदीचा हिशेब मांडतो. ६० इंच म्हणजे १.५२ मीटर. ताशी ९ किलोमीटर वेग धरला तर कागदावर तासाला साधारण १३५ गुंठे होतात. प्रत्येक फेरीत मागच्या फेरीवर थोडे चढून चालावे लागते, वळणे येतात, झाडे येतात. म्हणून त्यातले ७८ टक्के हाती लागतात असे समजू. म्हणजे तासाला १०५ गुंठे, आणि तुमच्या ७२० गुंठ्यांना सात तासांहून थोडे कमी. हाच हिशेब ५२ इंची डेकला लावला तर तासाला ९१ गुंठे आणि एकूण आठ तासांच्या आत. ४८ इंची डेकला साडेआठ तास.

म्हणजे ६० आणि ५२ इंचांत एका फेरीमागे फरक जेमतेम एका तासाचा पडतो. त्या एका तासासाठी काय गमवावे लागते तेही पाहा. डेक जितका रुंद तितका तो जमिनीच्या उंचसखलपणाशी फटकून राहतो. मध्ये उंचवटा आला की पाते मुळापर्यंत सोलून काढते, आणि शेजारच्या खळग्यात गवत तसेच राहते. सड्यावरची जमीन क्रिकेटच्या मैदानासारखी नसते. माझे मत स्पष्टपणे ५२ इंचांच्या बाजूने आहे.

पुळणीवरचा माड

नांगरगट्टी यांचे गणित बरोबर आहे, परंतु जुलैतला तास आणि जानेवारीतला तास सारखा धरता येत नाही. मी समुद्रकाठच्या एका निवासस्थानाची सात एकर हिरवळ पाहतो. जुलैत कधी कधी आठवड्यात एकदाच तीन तासांची उघडीप मिळते, आणि त्या तीन तासांत जेवढे निघेल तेवढेच निघते. अशा वेळी रुंद डेकचे मोल फार असते. आमच्याकडे ६० इंची आहे आणि जमीन रेतीची, जवळपास सपाट असल्याने ते चालते. उंचसखल जमिनीवर मी कदाचित वेगळे सांगितले असते, हे मान्य करतो.

किनाऱ्याजवळच्या सर्वांसाठी एक गोष्ट सांगावीशी वाटते. पाते निवडताना त्याच्या मागच्या कडेला वर वळवलेला पंखा किती उंच आहे ते पाहावे. उंच पंख्याचे पाते हवा जोरात ओढते, गवत उभे करते आणि सुंदर कापते. परंतु त्याच ओढीबरोबर रेतीही वर येते आणि कानशीने घासावे तसे ते पाते झिजते. आमच्याकडे पहिल्या वर्षी पात्यांचा पंखा दीड महिन्यात कागदासारखा पातळ झाला होता. बोटाने दाबला तर लवत होता. तसले पाते फिरताना तुटले तर तुकडा गोळीसारखा सुटतो. आता आम्ही बुटक्या पंख्याची पाती वापरतो. काप किंचित खरखरीत दिसतो, पण पाते हंगामभर पुरते.

सुट्या भागांविषयी कळकळीने सांगतो. एका वर्षी भर ऑगस्टमध्ये आमच्या यंत्राचा पंप फिरवणारा पट्टा तुटला. विक्रेत्याने यंत्र देताना सर्व भाग उपलब्ध आहेत असे सांगितले होते. प्रत्यक्षात तो पट्टा परदेशातून मागवावा लागला आणि पाच आठवडे यंत्र ताडपत्रीखाली उभे राहिले. मधल्या काळात बाजारातला त्याच मापाचा साधा व्ही-बेल्ट घालून पाहिला, तो चार दिवसांत जळाला, कारण मूळ पट्ट्याच्या आत अरामिड या चिवट कृत्रिम धाग्यांची वीण असते आणि ताण देणाऱ्या कप्पीखाली साधा पट्टा टिकत नाही. तेव्हापासून पात्यांचे दोन संच, डेकचा व पंपाचा एकेक पट्टा, एक पूर्ण स्पिंडल (पाते फिरवणारा दांडा व त्याचे घर) आणि सर्व फिल्टर आमच्या कपाटात असतात. ही यादी खरेदीच्या कोटेशनमध्येच घालून घ्या. नंतर मागितल्यास मंजुरी मिळत नाही.

मोहोर

मी थोडा विरोधी सूर लावतो. आमची चार हेक्टर हापूसची बाग आहे आणि बेणणीसाठी मी २४ अश्वशक्तीच्या छोट्या ट्रॅक्टरला मागे रोटरी स्लॅशर जोडतो. गवत कमरेइतके वाढलेले असो की मध्ये रानमोडीची जाड खोडे असोत, स्लॅशर त्यांना जुमानत नाही. तोच ट्रॅक्टर नंतर फवारणीच्या पंपाला आणि शेणखताच्या ट्रॉलीला उपयोगी पडतो, आणि त्याचे भाग तालुक्याच्या गावी मिळतात. ६० इंची व्यावसायिक झीरो-टर्नला अमेरिकेतच दहा हजार डॉलरच्या वर मोजावे लागतात; इथे येईपर्यंत त्या पैशांत ट्रॅक्टर आणि स्लॅशर दोन्ही होतात.

परंतु हेही प्रामाणिकपणे सांगतो की स्लॅशरचा काप मैदानाच्या कामाचा नाही. तो गवत ओरबाडतो आणि ट्रॅक्टरच्या चाकांचे चर ओल्या मैदानात उमटतात. म्हणून प्रश्न असा आहे की तुमच्या अठरा एकरांपैकी किती जागेवर मुले खेळतात, आणि किती जागेवर फक्त वणवा टाळण्यासाठी गवत खाली आणायचे आहे?

कातळसडा (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गेल्या रविवारी मी आणि आमचे एक माळीकाका फळी व पाणसळ घेऊन पूर्ण आवार फिरलो आणि ६४ ठिकाणी मापे घेतली. दोन्ही मैदाने आणि वसतिगृहामागचे माळरान मिळून साधारण बारा एकर जागेत कोठेही दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त उंची भरली नाही. बागेलगतच्या चार एकरांत ती बारा ते सतरा सेंटिमीटर आहे. पश्चिमेकडे खाडीच्या दिशेने उतरणारे दोन एकर मात्र तीसच्या पुढे गेले; तिथे तर फळी धरून उभे राहतानाच पाय सरकत होते. ते दोन एकर आजपासून यंत्राच्या विचारातून वगळले.

मोहोर यांच्या प्रश्नाचे उत्तर असे की बारा एकर जागा दर दहा-बारा दिवसांनी एकसारखी कापलेली हवी, आणि चार एकर हंगामात दोन-तीन वेळा काढली तरी चालेल. एक चिंता नव्याने उभी राहिली आहे. माळरानावर मधूनमधून जांभ्याची पाठ उघडी आहे आणि काही ठिकाणी माती फक्त दोन बोटे आहे. तिथे पात्यांचे काय होईल?

गॅरेज आणि गवत

मी गेली अनेक वर्षे छोटी इंजिने आणि बागकामाची यंत्रे दुरुस्त करतो. कातळाविषयी आधी सांगतो. उघडा जांभा पात्याला लागला की पाते वाकते हे खरे, पण पाते स्वस्त असते. खरा मार स्पिंडलला बसतो. पाते ज्या दांड्यावर फिरते त्याचे घर ॲल्युमिनियमचे असेल तर अशा दोन-तीन धक्क्यांत त्याला चीर जाते. ओतीव लोखंडाचे असेल तर ते सोसते. विक्रेत्याला डेकवरचे झाकण काढायला लावून स्वतः पाहा. ग्रीस भरण्याचे निपल आहे का, आणि बेअरिंग वेगळे बदलता येते की पूर्ण स्पिंडलच घ्यावे लागते, हेही विचारा.

डेकचा पत्राही तसाच पाहावा. दाबून आकार दिलेला एकसंध पत्रा घरगुती यंत्रांना ठीक आहे. तुम्हाला जाड पत्रे जोडून वेल्ड केलेला डेक हवा. दहा गेज म्हणजे सुमारे ३.४ मिलिमीटर आणि सात गेज म्हणजे सुमारे साडेचार मिलिमीटर. कडेला आणि स्पिंडलच्या बैठकीपाशी किती जाडी आहे ते विचारावे.

अश्वशक्तीपेक्षा मी हायड्रोस्टॅटिक गिअरबॉक्सला, म्हणजे मागची चाके फिरवणाऱ्या पंप-मोटरच्या संचाला, महत्त्व देतो, कारण इंजिन आपल्याकडे कोणीही उघडेल, पण तो कोणी उघडत नाही. हलक्या यंत्रांत काहींना तेल बदलण्याची सोयच नसते. व्यावसायिक मालिकेत बदलता येणारा फिल्टर आणि वर थंड करणारा पंखा असतो. पहिले तेल ७५ ते १०० तासांनी आणि त्यानंतर साधारण ४०० तासांनी बदलायचे. बहुतेक ठिकाणी २०डब्ल्यू-५० प्रतीचे तेल चालते. हे पहिले तेल टाळले की गिअरबॉक्स अकाली ढिला पडतो आणि यंत्र चढावर एका बाजूला ओढू लागते.

आता इंधन. या मुद्द्याकडे फार कमी लोक लक्ष देतात, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. फेब्रुवारी २०२३ पासून आपल्याकडे पंपांवर ई-२० पेट्रोल येऊ लागले, म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल असते. कावासाकी, कोहलर, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन यांची जी इंजिने या यंत्रांवर प्रामुख्याने येतात, त्यांच्या अमेरिकी पुस्तिकांत इथेनॉलची मर्यादा १० टक्के दिलेली असते. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. आपल्या दमट हवेत अर्धी भरलेली टाकी महिनाभर तशीच राहिली तर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळे बसते, आणि कार्ब्युरेटरच्या वाटीत पांढरट-हिरवट पूड धरते. मी ती पूड दर जून महिन्यात खरवडून काढतो. म्हणून विक्रेत्याकडून दोन गोष्टी लेखी घ्या : हे इंजिन ई-२० वर चालवल्यास वॉरंटी राहील का, आणि इंधनाच्या नळ्या व रबरी भाग त्याला योग्य आहेत का. तोंडी उत्तराला काही अर्थ नाही.

डिझेल घेतले तर हा प्रश्न मिटतो. कुबोटासारख्या कंपन्यांची तीन सिलिंडरची डिझेल झीरो-टर्न यंत्रे दणकट असतात. परंतु ती वजनाने जड असतात, ओल्या मैदानात रुततात, आणि ऑक्टोबरात गवताचे कुसळ रेडिएटरच्या जाळीवर बसून पाणी तापते. दर तासाला उतरून जाळी झाडावी लागते.

नांगरगट्टी

वर्षाला तास किती होतील, याचाही विचार व्हावा. बारा एकर, ५२ इंची डेक, हंगामात बारा-तेरा फेऱ्या, शिवाय बागेलगतचे चार एकर तीन वेळा. सगळे मिळून ७५ तासांच्या आसपास. डिझेलचा जादा खर्च भरून येण्याइतके हे तास नाहीत. सर्वांत जड मालिकेचे यंत्र घेण्याचीही मला गरज दिसत नाही, कारण आपल्या खाऱ्या वाऱ्यात तास पुरे होण्याच्या कितीतरी आधी गंज यंत्राचा ताबा घेतो. व्यावसायिक मालिकेतले मधले यंत्र घ्यावे आणि वाचलेले पैसे सुट्या भागांवर व पक्क्या शेडवर घालावेत.

खाडीकाठ

उघड्या कातळाविषयी एक विनंती आहे. सड्यावरच्या प्रत्येक उघड्या पाठीवर यंत्र नेण्याआधी ती झाडून, तिरप्या उन्हात नीट पाहून घ्या. उक्षी, देवाचे गोठणे, कशेळी, बारसू अशा ठिकाणची कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आहेत. ती अशाच जांभ्यावर कोरलेली आहेत आणि कित्येक वर्षे गवता-मातीखाली कोणाच्या ध्यानात आली नव्हती. शिवाय पावसाळ्यात कातळावरच्या पाणथळीत सीतेची आसवे आणि इतर इवली फुले येतात. ती जागा न कापल्याने काही बिघडत नाही. चुन्याने रंगवलेले दगड कडेने मांडले की चालकाला सीमा कळते, आणि तुमची पातीही वाचतात.

कातळसडा (धागाकर्ता)

दोन विक्रेत्यांना प्रत्यक्ष आमच्या जमिनीवर यंत्र चालवून दाखवा असे कळवले होते. एकाने नकार दिला, त्यामुळे तो प्रश्न तिथेच संपला. दुसरे परवा ५२ इंची यंत्र टेम्पोत घालून आले. रात्री पाऊस झाला होता आणि गवत ओले होते, ते एका अर्थी बरेच झाले.

मैदानावर यंत्राने दीड एकर जागा चाळीस मिनिटांत केली. काप सुरुवातीला पायऱ्या-पायऱ्यांचा दिसत होता. गॅरेज आणि गवत यांनी मला फोनवर टायरमधली हवा तपासायला सांगितले. मागच्या एका टायरमध्ये तेरा पौंड आणि दुसऱ्यात आठ निघाली. दोन्ही सारखी केल्यावर, आणि डेकची पुढची कड मागच्या कडेपेक्षा साधारण सहा मिलिमीटर खाली आणल्यावर, पायऱ्या नाहीशा झाल्या. बागेलगतच्या उतारावर चालकाने आडवे जाऊन पाहिले. सोळा सेंटिमीटरच्या मापाच्या जागी मागचे चाक किंचित सरकलेले मी स्वतः पाहिले, म्हणून ते चार एकर पावसाळ्यात मोहोर यांच्यासारखा स्लॅशर भाड्याने आणून काढायचे आणि दसऱ्यानंतर जमीन सुकली की झीरो-टर्न तिथे न्यायचा, असे ठरवले आहे.

नंतर डेक उचलून खालची बाजू पाहिली. चाळीस मिनिटांत ओल्या गवताचा दोन बोटे जाड लगदा आतून चिकटला होता. माळीकाकांनी विळीच्या बोथट बाजूने तो खरवडला तेव्हा त्याखाली कोपऱ्यातला रंग उडून नारिंगी ठिपके आलेले दिसले. यंत्र प्रात्यक्षिकाचे, जेमतेम एका हंगामाचे होते.

५२ इंची पेट्रोल यंत्र, ओतीव लोखंडाची स्पिंडल, फिल्टर असलेला गिअरबॉक्स, बुटक्या पंख्याच्या पात्यांचे दोन संच आणि पुळणीवरचा माड यांची यादी जशीच्या तशी, असे कोटेशन मागवले आहे. ई-२० विषयीचे पत्र मात्र अजून आलेले नाही. ते कंपनीच्या सहीशिक्क्यानिशी हाती पडल्याशिवाय ऑर्डर काढायची नाही, असे कार्यकारिणीच्या बैठकीत नोंदवून घेतले.

पुळणीवरचा माड

योग्य निर्णय. रोज काम संपल्यावर डेक खरवडून कोरडा पुसावा आणि हंगाम संपला की आतून गंजरोधक रंगाचा हात द्यावा. प्रेशरच्या पाण्याने स्पिंडलवर फवारा मारू नये, पाणी बेअरिंगमध्ये शिरते. शेडची जमीन आजूबाजूपेक्षा किमान एक चिरा उंच घ्या आणि पश्चिमेची बाजू पूर्ण बंद ठेवा, म्हणजे खारा वारा थेट येणार नाही. दरवाजाची उंची किती ठेवली आहे?

कातळसडा (धागाकर्ता)

साडेसहा फूट. संरक्षक कमान उभी ठेवूनच यंत्र आत जाईल, म्हणजे ती रोज पाडण्याची सवय कोणाला लागणार नाही. पश्चिमेची भिंत चिऱ्याची पूर्ण घेत आहोत. जोते एक चिराच धरले होते, ते आता दोन चिऱ्यांचे करतो.